बाटलीतली भिरभिरी आणि जनाकाकूची शेळी

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मधेच चहा नाकात जायचा नाही. जमत आलेलं लग्न स्वतःच्या हाताने मोडणारा माणूस बघितलाय कधी? नसेल तर बघून घ्या, समोरच बसलोय!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी आमच्या शेणवे गावातला पहिला पीएचडी होणार होतो. झालो नव्हतो हं, होणार होतो! पण तोरा असा की रस्त्यातल्या म्हशींनीसुद्धा मला बघून बाजूला व्हावं.

माझं काम काय, तर सच्छिद्र घन पदार्थांत रेणूंची यंत्रं बसवायची. घाबरू नका, सोपं आहे. मधाचं पोळं घ्या, मध काढून टाका. उरल्या रिकाम्या खोल्या. एकेका खोलीत एकेक भिरभिरं बसवा. आता हे सगळं इतकं बारीक करा की डोळ्यांना दिसणारच नाही. झालं! ही भिरभिरी पाण्यात सोडली तर वाट्टेल तिकडे तोंड करून फिरतात, दगडात चिणली तर हलतच नाहीत. म्हणून त्यांना रांगेत उभं करायचं, पण फिरायला जागा ठेवून. कळलं? नाही कळलं तरी मान हलवा. माझ्या मामांनीही तेच केलं होतं.

हे मामा शहापूरचे. स्थळ त्यांनीच आणलं. मुलगी सिद्धगडाच्या पायथ्याजवळच्या गावातली, नाव वैशाली, मुरबाडच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली. फोटो बघितला आणि माझंच भिरभिरं झालं! थट्टा नाही करत. लग्न करीन तर हिच्याशीच, असं मी आईला सांगूनही टाकलं.

आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकली होती, मंडळी मोकळी होती. जीपमधून जाताना मामा म्हणाले, "हे बघ, इचारलं तर येवढंच सांगायचं, सायंटिस हाय. ते भिरभिऱ्याचं काडू नको रे बाबा!"

"मामा, सामान्य लोकांपर्यंत विज्ञान पोचवणं हे आपलं कर्तव्य आहे."

असं मी म्हणालो. खरोखर म्हणालो! कानाखाली द्यावीशी वाटते ना? मलाही वाटते.

पोहे आले. वैशालीने आणले. मुलीचे वडील बाळारामभाऊ, शांत माणूस, त्यांनी सरळ विचारलं, "काम काय करता तुमी?"

मामांनी तोंड उघडायच्या आत मी खिशातून बाटली काढली. हो, बाटली! बूच घट्ट लावलेली, आत गडद जांभळी पूड. मुलगी बघायला जाताना लोक रुमालाला अत्तर लावतात, मी प्रयोगशाळेतला नमुना घेऊन गेलो होतो.

"बशी द्या," मी म्हणालो. पोह्यांची बशी रिकामी केली, पुसली, त्यात पूड पसरली. आता मुरबाडची श्रावणातली हवा. तिथे कपाटातलं मीठसुद्धा ओलं होतं. बघता बघता पूड जांभळ्याची आकाशी झाली!

"आई गो!" आतून कोणीतरी ओरडलं.

"घाबरू नका! हवेतलं पाणी आत शिरलं, खोल्या भरल्या, भिरभिरी अडकली. आता परत फिरवतो. तवा आणा!"

"अवो, भाकरीचा तवा हाय तो!" वैशालीची आई कळवळली. पण पाहुण्याला नाही कसं म्हणणार? तवा चुलीवर, तव्यावर वाटी, वाटीत पूड. पाणी उडालं, पूड परत जांभळी झाली. मी फडक्याने वाटी उंच धरली आणि म्हणालो, "फिरली!"

तोवर ओटीवर निम्मं गाव जमलं होतं. त्यातून शेजारच्या जनाकाकू पुढे आल्या आणि थेट माझ्यासमोर बसल्या. "बाबा, माजी शेळी कालपास्ना नाय. बघ ना जरा त्या वाटीत."

आता सांगा, काय बोलायचं? हे शास्त्र आहे काकू, असं मी सांगितलं. "तेच ते. बघ ना," काकू म्हणाल्या. शेवटी वैतागून म्हणालो, "गेली असेल ओढ्यापलीकडे, करवंदीच्या जाळीत!"

अहो, मिळाली ना! करवंदीच्या जाळीतच! काकूंच्या पुतण्याने खांद्यावर घालून आणली. ती बें बें करत ओटीवरून माझ्याकडे बघत होती, आणि सगळं गाव माझ्याकडे बघत होतं.

मग काय विचारता! माझ्याखालची प्लास्टिकची खुर्ची गेली, गादीवाली आली. दुसरा चहा आला, त्यात आलं. एकाला बोअरिंग कुठे मारू ते हवं होतं, एकाला पोरगा बारावीला सुटेल का ते. बाळारामभाऊ मामांना हळूच विचारत होते, "मंग मुहूर्त कदीचा धरायचा?" मामा मला डोळ्यांनी खुणावत होते, की गप बस, गप बस.

आणि मी खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. सेमिनारमध्ये माझं बोलणं ऐकताना लोक बिस्किटं खायचे. इथे पहिल्यांदाच माणसं तोंड उघडं ठेवून ऐकत होती. म्हणून मी वाटी परत तव्यावर ठेवली आणि सुरुवातीपासून समजवायला लागलो.

तेवढ्यात दारातून वैशाली म्हणाली, "एक इचारू? ती फिरतात ते दिसतं का?"

"छे! दिसत नाही. यंत्रावर आलेख येतो, त्यावरून ओळखायचं."

"मंग फिरून ती करतात काय?"

"सध्या काही नाही. सध्या नुसती फिरतात."

"मंग तुमच्यात नि भगतात फरक काय?"

ओटीवर हशा पिकला. भगत म्हणजे आमच्याकडचा देवऋषी, अंगात येणं, उतारा, सगळं तोच बघतो. मला भगत? होणाऱ्या पीएचडीला? माझं डोकंच फिरलं! उठून उभा राहिलो आणि जाहीर केलं, "मी शास्त्रज्ञ आहे! मला शेळीतलं काही कळत नाही! ती मिळाली तो योगायोग! बोअरिंगचं पाणीही मला कळत नाही!" आणि मग पोकळ्या, रेणू, फिरण्याचा अक्ष, सगळं खडसावून सांगितलं. माणसं एकेक करून उठून गेली. जनाकाकू तेवढ्या शेवटपर्यंत बसल्या, पण त्यांचा डोळा लागला होता. बाळारामभाऊ खाली मान घालून सुपारी कातरत राहिले.

पुढच्या आठवड्यात मामा निरोप घेऊन आले. चेहऱ्यावरूनच कळलं.

"नकार ना? मला भगत समजले म्हणून?"

"भगत समजत व्हते तवर व्हकार व्हता रे! बाळारामभाऊ म्हनाले, भगताच्या दारात मानसं तरी येतात. ह्याच्या दारात कोन येनार? तरीपन त्यांनी पोरीवर सोडलं. पोर सायन्स शिकलेली, तिला कळंल, म्हनाले."

माझ्या जिवात जीव आला. बीएस्सी आहे ती! तिला नक्की कळलं असणार! "मग? तिला कळलं ना माझं काम?"

"सगळं कळलं म्हनली." मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पन म्हनली, बघायला आले व्हते मला, नि सकाळपास्ना बघत बसले बाटलीला. तिच्याशीच लावा म्हनावं लगीन."