ओटीवरचे डाग

त्या वर्षांत आमच्या गावात बाहेरच्या गाड्या फार यायच्या. कापसानं सगळ्यांचं वाटोळं केलेलं. पेपरवाले, संशोधनवाले, कोणी ना कोणी उतरायचं आणि विचारायचं, शेती किती? आम्हाला शेतीच नव्हती. माझी माय दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची, म्हणून आमच्या दारात कोणी थांबायचं नाही. याचा मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. मी तेव्हा दिग्रसला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. ओढणीला पिन लावून, पावडर थापून सकाळच्या एसटीनं निघायचे.

एकदा एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयाचं पत्र क्लासवर आलं. त्यांना इंटरनेटवर कापसाचं दालन उघडायचं होतं. गावोगावच्या वस्तू पाठवा, सोबत हा तक्ता भरा, आम्ही फोटो काढून जगापुढं ठेवू, असं म्हणणं. सरांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं.

मी मायची जुनी ओटी मागितली. ओटी म्हणजे वेचताना कमरेला बांधतात तो झोळीसारखा कपडा. बोंडातून कापूस ओढायचा आणि तिच्यात टाकत पुढं सरकायचं. मायनं ती झटकून माझ्या हातात दिली.

"कायले पायजे त्याईले हा फाटका फडका?"

"जग पाहणार आहे तुझी ओटी," मी म्हटलं. ती हसली, पण मग दर दोन दिवसांनी विचारू लागली, "पाह्यली काय वं जगानं?"

तक्ता मी घाईत भरला. मला सगळ्याचीच घाई. चहा थंड होईपर्यंतही माझ्यानं थांबवत नाही. 'स्थानिक नाव' या रकान्यात लिहिलं, ओटी. 'उपयोग' या रकान्यात लिहिलं, नेहमीचा. ओटी कशासाठी असते हे काय सांगायचं? हातच्या कांकणाला आरसा कशाला! उरलेले रकाने भराभर भरले, पार्सल पाठवलं आणि मोकळी झाले.

दालन उघडलं तेव्हा मायला क्लासवर घेऊन गेले. नेट इतकं संथ की फोटो वरून खाली पट्टी-पट्टीनं उतरत होता. लोडशेडिंगची वेळ होत आलेली, मी सारखी पंख्याकडं पाहत होते. माय खुर्चीच्या काठावर बसलेली. ठिगळ दिसलं आणि ती ओरडलीच, "माहीच होय!" क्लासमधली पोरं वळून पाहायला लागली. "खाली काय लिवलं? वाच नं."

मी मोठ्यानं वाचलं. "सुवासिनीची ओटी भरण्याचे पारंपरिक वस्त्र. यात खण, नारळ व तांदूळ घालत. कडेचे तांबूस डाग कुंकवाचे असावेत."

वाचता वाचताच मला कळलं काय झालंय ते, पण तोवर वाक्य तोंडातून निघून गेलं होतं.

"कुकू?" माय म्हणाली. "कुकू नोय ते. रगत होय माह्यं."

वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत घुसतात. वेचणाऱ्या बायका बोट ओटीला पुसतात आणि पुढच्या झाडाला हात घालतात. बाप गेल्यापासून मायनं कपाळाला काही लावलं नव्हतं. आणि खण-नारळ तर आमच्या घरातून आजोबांनी बुद्ध धम्म घेतला तेव्हाच गेले होते.

आम्ही परतीची एसटी धरली. गाव जवळ आल्यावर माय म्हणाली, "इतके वर्सं कापूस येचला, अन् त्याईनं त्यात नारळ टाकला. काढाय लाव ते."

मी त्याच आठवड्यात ईमेल पाठवला. उत्तर नाही. पुन्हा पाठवला. क्लासवर पोहोचले की चप्पल काढायच्या आधी मी मेल उघडायचे, पोरांना शिकवता शिकवता मध्येच उघडायचे. घरी पाऊल टाकलं की मायचा प्रश्न ठरलेला, "निंगालं काय कुकू?" मला तो प्रश्न नकोसा झाला. एकदा मी तिच्यावर खेकसलेसुद्धा, "मी काय तिथं बसून आहे काय?" शेवटी उत्तर आलं: दुरुस्तीसाठी कृपया ग्रंथातील संदर्भ पाठवावा. मला हसावं की रडावं कळेना. मी रागारागानं लिहिलं की संदर्भ रोज सकाळी वावरात जातो, रविवारी घरी असतो, फोन करा.

आणि त्यांनी खरंच केला. बोलणारा तरुण होता, आवाजानं सभ्य. मी मोबाइलचा स्पीकर लावून मायच्या पुढं धरला. तिनं सगळं सांगितलं: ओटी कशी बांधतात, भरली की कंबर कशी ओढते, रक्त कुठून येतं. तो 'हो, हो' करत लिहून घेत होता. मला वाटलं, सुटले एकदाची.

मग तो म्हणाला, "आजी, एकच अडचण आहे. आमच्या तक्त्यात 'वस्तू कोणाची' या रकान्यात 'अज्ञात' असं लिहिलंय."

मी फोन ओढून घ्यायला हात पुढं केला. मायनं तो घट्ट धरला.

"अज्ञात मंजे काय, भाऊ?"

"म्हणजे ही कोणाची आहे, ते तक्ता भरणाऱ्याला माहीत नव्हतं."

मला माहीत होतं. माझी आई मजुरी करते, हे त्या शहराला कळू नये म्हणून मी तो शब्द टाइप केला होता. त्या शब्दाला मात्र मी घाई केली नव्हती; रकान्यापुढं बराच वेळ बसले होते. मायनं माझ्याकडं पाहिलं, मग फोन तोंडाजवळ नेला. मतदानाच्या खोलीत सांगतात तसं स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव, तालुका, जिल्हा, सगळं खणखणीत सांगितलं.

"लिवलं काय?" तिनं विचारलं.

"लिहिलं, आजी."

"आता त्याच्याखाली हेबी लिवा," ती म्हणाली, "का तक्ता भरनारी माही पोरगी होय."