लहान बॅटरी

सर्व्हिस सेंटरच्या काचेपलीकडे आमची इलेक्ट्रिक गाडी उभी आहे. वर केलेल्या बॉनेटवर दसऱ्याचं कुंकवाचं स्वस्तिक अजून दिसतं. हे गेल्यापासून ती कुणी चालवली नाही. मी चार्जर मात्र काढला नाही. घरात त्यांच्यासाठी लावलेला दिवा दहाव्यानंतर हलवला. खाली पार्किंगमधला चार्जरचा हिरवा दिवा तेवतच राहिला.

"ताई, मोठी बॅटरी फुल आहे," मेकॅनिक सांगतो, "पण लहान बसली. तिच्याशिवाय गाडी जागी होत नाही. ह्या गाड्यांचं हे नेहमीचंच. नुसती लहान बदलून भागलं तर स्वस्तात सुटाल. तिला चार्ज करणारं युनिट गेलं असेल तर लाखाच्या वर जाईल."

मी मान हलवते. आकडा ऐकून काहीतरी वाटायला हवं होतं. पण हल्ली चहा आटून पातेलं करपतं, तेव्हाही मी गॅसशेजारीच उभी असते.

थोड्या वेळानं गाडीचे दिवे लागतात. स्वस्तात सुटले. मेकॅनिक आतून विचारतो, "ताई, सीटचं सेटिंग पुसलं गेलंय. कुणाच्या उंचीला लावू?"

"पुढे घ्या," मी म्हणते. "अजून थोडी पुढे."