बैहरची बस येईपर्यंत

तो माणूस माझ्या डोक्यात जायचा. बालाघाटच्या बसस्टँडसमोरच्या दुकानात एक तयार गेमिंग कॉम्प्युटर सवलतीत विकायला ठेवला होता. मी तो पाहायला गेलो, की हा आधीच त्याच्यावर गाड्यांची शर्यत खेळत बसलेला. बैहरच्या बसची वाट पाहणारा, मांडीवर जेवणाचा डबा, पडद्यावर वळण आलं की स्वतःही खुर्चीसकट वाकणारा.

"घेऊ नका भाऊ, याचा पंखा लय आवाज करते," तो नजर न हलवता सांगे. पुढच्या खेपेला म्हणे मेमरी कमी, त्याच्या पुढच्या खेपेला नागपूरले याहून स्वस्त भेटते. हे ऐकून बाकीचं गिऱ्हाईकही परत जाई, दुकानदार भाव आणखी उतरवी, आणि मला वाटे, इतका स्वस्त म्हणजे नक्कीच खराब असणार.

शेवटी मी वैतागलो. "एवढा भंगार हाय तं तुम्ही रोज काहून खेळता?"

"अन् विकल्या गेला तं बस येईपर्यंत मी करू काय?"

मी कपाळावर हात मारला. बाहेर बैहरची बस हॉर्न देत सुटली, तरी हा उठेना.

मी दुकानदाराला म्हटलं, "भाऊ, हाच पॅक करून द्या."