अर्धे पुरलेले भाऊजी

मुलांनो, तुमच्या शाळेच्या पोहण्याच्या तलावाजवळ भिंतीवर लावलेल्या डब्याचा फोटो मिळाला. कोसळलेल्या माणसाच्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, आणि तुम्ही ते बाहुल्यावर चालवूनही पाहिलंत! तेव्हापासून माझ्या डोक्यात गोंधळ उडाला आहे. तो आजच लिहून काढते, कारण त्या दिवसाबद्दल विचारायला आता फारसं कोणी उरलेलं नाही.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. उंद्रीच्या आमच्या मळ्यात विजेचा पंप नुकताच बसला होता. माझे धाकटे दीर, ज्यांना मी भाऊजी म्हणते, ओल्या हातानं स्टार्टर लावायला गेले आणि तिथंच चिकटले. गड्यानं काठीनं हात सोडवला. भाऊजी वांग्याच्या वाफ्यात आडवे पडले. डोळे अर्धे उघडे. मधूनच घशातून घोरल्यासारखा आवाज यायचा.

"श्वास हाय, श्वास हाय!" गडी ओरडला.

मी मनगट धरलं. नाडी लागेना. पण ती खरंच नव्हती की मला सापडत नव्हती, हे मला तेव्हाही कळलं नाही.

आमच्याकडे शॉक बसलेल्याला मातीत पुरायची रीत होती. करंट जमिनीत उतरतो म्हणे. सासूबाई खुरप्यानं वाफा उकरू लागल्या.

"मामंजी, आधी डॉक्टरला आणू," मी सासऱ्यांना म्हणाले.

"चिखलीहून डॉक्टर येईस्तोवर काय करतं? काऊन उभी राह्यली? माती ओढ!" सासूबाई कडाडल्या.

पायांवर, पोटावर ओली माती पडली. घोरणं थांबलं. मग सासरे पोराच्या शेजारी गुडघ्यावर बसले आणि रागानं म्हणा, दुःखानं म्हणा, छातीवर एक जोरदार बुक्की मारली.

"ऊठ बे! बापाच्या आधी जातं का?"

भाऊजी खोकले. थोड्या वेळानं मातीकडे पाहून म्हणाले, "मले काऊन गाडून राह्यले बे? मेलो का मी?"

"अर्धा गाडलाच होता तुले!" म्हणत सासरे ढसाढसा रडले.

घरात सगळ्यांनी श्रेय मातीला दिलं. आता तुम्ही सांगता की तो घोरण्यासारखा आवाज म्हणजे श्वास नव्हेच. हृदय नुसतं थरथरत असतं, रक्त पुढं जात नाही; झटक्यानं ती थरथर मोडते आणि हृदयाला आपला ताल पुन्हा सापडू शकतो. झटका द्यायचा की नाही, ते यंत्रच तपासतं. ते येईपर्यंत छाती जोरात दाबत राहायची. मातीनं काही होत नाही, उलट वेळ जातो.

हे सगळं पटतं. पण मग भाऊजींना काय झालं होतं? विजेनंच हृदय बिघडतं आणि विजेनंच ताळ्यावर येतं? बुक्कीनं काम केलं, की हृदय थांबलंच नव्हतं? तुमच्या डॉक्टर आत्याला विचारलं. ती म्हणाली, "बुक्कीनं क्वचित होतं, पण नक्की कसं सांगू? नाडी कोणी पाहिली होती?" मीच पाहिली होती, आणि मला सांगता येत नाही.

भाऊजी अजून आहेत. चिखलीला मुलाकडे राहतात, आणि त्यांच्या उजव्या तळहातावर भाजल्याचा डाग आहे.