शेवट न सांगणाऱ्या कुसुमबाई

कुसुमबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वरकुट्याच्या शाळेची पेटी भरत होते. निमगाव केतकीहून त्यांच्या पुतण्याचा फोन होता. "कल्पनाताई, काकू सकाळी गेली. चहा मागितला आन्..." फोन ठेवला आणि पेटी उद्यावर ढकलली. मग लक्षात आलं की हे बाईंना अजिबात चाललं नसतं. पेटी बंद केली, इंदापूरच्या एस.टी.त चढवली आणि त्याच गाडीनं निमगावला उतरले.

बारामतीच्या आमच्या वाचनालयातून गावोगावच्या शाळांना पुस्तकांच्या पत्र्याच्या पेट्या जातात. कुठल्या पेटीत काय, याच्या याद्या करणं हे माझं काम. बाई निमगावच्या, इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. ब्याण्णव साली एका दुपारी त्या एक मोठा खोका घेऊन आल्या. त्यांचा धाकटा भाऊ अमेरिकेत नोकरीला होता. त्याच्या शेजारी शाळेच्या ग्रंथपालबाई राहत, त्या स्वतः कृष्णवर्णीय. त्यांनी आपल्या लोकांनी मुलांसाठी लिहिलेली, चितारलेली पुस्तकं निवडून पाठवली होती. लहानांची चित्रांची होती, तशा आठवी-दहावीच्या मुलांना पुरतील अशा जाड कादंबऱ्याही होत्या. मी शिस्तीत नोंद केली. मुखपृष्ठावर काळे चेहरे दिसले आणि सगळा खोका मी 'भूगोल : आफ्रिका' या सदरात टाकला. एकही पान उलटलं नव्हतं.

आठवड्यानं बाईंनी यादी पाहिली आणि एका मुखपृष्ठावर बोट ठेवलं. "कल्पना, ही पोरगी आफ्रिकेची न्हाय, शिकागोची हाय. तिचा बाप बस चालवतो. भूगोलात टाकलंस तर पोरं परीक्षेपुरतं बघतील. गोष्टीत टाक. आन् चित्रं काढणाराचं नाव कुठं हाय?" चित्रकारासाठी मी रकानाच ठेवला नव्हता. इतकी वर्षं याद्या करूनही ठेवला नव्हता. त्याच दिवशी पट्टी घेऊन तो आखला. आता आमच्या प्रत्येक यादीत तो असतो.

पुस्तकं इंग्रजीत आणि मुलं मराठी शाळेतली, ही खरी अडचण होती. बाईंनी ती हातानं सोडवली. चित्रांच्या पुस्तकांत इंग्रजी ओळींखाली मराठी मजकुराच्या पट्ट्या खळीनं चिकटवल्या, झुरळं लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घातलं. कादंबऱ्या मात्र मराठीत करून दोनशेपानी वह्यांत उतरवल्या, आणि त्यातल्या आज्या-आत्या इंदापूरकडच्या बोलीत बोलू लागल्या. त्यांचा नियम एकच होता. पुस्तकाची शिफारस मास्तरांनी करायची नाही, वाचलेल्या मुलानं करायची, उभं राहून, आणि शेवट सांगायचा नाही.

पण पेटीत काय जायचं ते आमची निवड समिती ठरवायची, आणि दुसऱ्याच वर्षी समितीत ही पुस्तकं वगळायचा विषय निघाला. एका सदस्य सरांचं म्हणणं, परक्या मुलखातली माणसं आपल्या मुलांना काय कळणार. आणखी कुणी हळूच म्हणालं, चित्रं जरा उजळ हवीत, मुलांना छान वाटतं. अध्यक्ष आबा उसाचे बागायतदार, मान डोलावत होते. यादीवर काट बसली असती तर खोका परत बाईंच्या घरी गेला असता आणि पट्ट्या-वह्यांची सगळी मेहनत तिथंच थांबली असती. बाई वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विनंती केली की सातवीतल्या संगीताला पाच मिनिटं द्यावीत.

संगीता सुप्याकडच्या एका घरातली. आजोबांच्या काळात मेंढरं होती, आता कोरडवाहू शेती. ती मामाकडं निमगावला शिकायला होती. शाळेत सगळे तिला काळी म्हणायचे, आणि ती त्या हाकेला ओ द्यायची. बाईंनी उतरवलेली वही छातीशी धरून ती उभी राहिली.

"ह्या पोरीची आजी कापसाच्या रानात राबलेली. मग ती समदी शहरात आली. शाळेत पोरं तिच्या बोलण्याला हसायची. म्हणून ती वरीसभर वर्गात बोललीच न्हाय. मग एक दिस बाईंनी तिला फळ्यापाशी बोलावलं..."

ती थांबली. आबा खुर्चीत पुढं सरकले होते.

"मग? बोलली का?"

"आबा, वही घ्या न् वाचा," संगीता म्हणाली. "समदं मीच सांगितलं तर तुमी कशाला वाचताय?"

सरांनाही हसू आवरलं नाही. आबांनी वही मागून घेतली आणि यादीचा निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवला. पुढच्या बैठकीला ते वेळेआधी आले, मंजुरीची सही केली आणि मला खासगीत विचारलं की त्याच लेखिकेचं दुसरं काही हाय का. आबांनी नुसतं आणखी एक पुस्तक नव्हे, तर त्याच लेखिकेचं दुसरं पुस्तक मागितलं, याचा बाईंना मंजुरीपेक्षा जास्त आनंद झाला. त्या दिवशी त्यांनी बारामती स्टँडवर मला आणि संगीताला उसाचा रस पाजला. संगीता दोन पेले प्यायली.

नंतर पेट्या सुप्यापर्यंत गेल्या. मुलं लेखकांची, चित्रकारांची नावं घेऊन पुस्तकं मागू लागली. संगीता यंदा डी.एड.ला आहे. तिला काळी म्हणणारे अजून भेटतात, पण आता ती ओ देत नाही.

गेल्या आठवड्यात पुतण्यानं बोलावलं. काकूंच्या खोलीतली पुस्तकं वाचनालयात न्या, म्हणाला. मी दोन कोऱ्या याद्या, कार्बन आणि सुतळी घेऊन गेले. भिंतीतलं लाकडी कपाट उघडलं. चारही फळ्या रिकाम्या होत्या. फळ्यांवर प्रत्येक पुस्तकाच्या जागी एकेक चिठ्ठी, मुलांच्या वेगवेगळ्या कच्च्या अक्षरांत. पुस्तकाचं नाव, लिहिणारीचं नाव, चितारणाऱ्याचं नाव, आणि खाली पुस्तक नेणाऱ्याचं गाव : वरकुटे, सुपे, शेटफळ... सगळं बाहेर होतं, कुणाच्या ना कुणाच्या हातात. पुतण्या ओशाळला. तुमची फेरी फुकट गेली, म्हणाला.

मी चिठ्ठ्यांना हात लावला नाही. कपाट लावून घेतलं आणि याद्या कोऱ्याच घेऊन परत आले.