आधी सही, मग बोर्ड

आमची कांता बोर्ड रंगवायची तो शेवटाकडून. दुकान कोणाचंही असो, तिचा पहिला रंग लागायचा उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात. तिथं बोटभर लाल अक्षरांत पेंटरची सही. मग दुकानाच्या नावाचं शेवटचं अक्षर, मग त्याच्या आधीचं, असं करत ती डावीकडं सरकायची. बाकीचे पेंटर डावीकडून सुरू करत आणि शेवटी त्यांची अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडत. कांताला विचारलं की म्हणायची, "शेवटच्याची जागा आधी धरून ठेवली की कोणी चेंगरत नाई."

आता सांगतो ते ऐका. कोपऱ्यातली ती सही माझ्या नावाची असायची. 'सुदाम पेंटर, अमरावती.' आणि मला ब्रश धरता येत नव्हता.

मी चौथी शिकलेला, अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारा. तिचे वडील अकोल्यातच सिनेमाचे बोर्ड रंगवत, तिचा हात त्यांच्याजवळ तयार झालेला. आम्ही नवरा-बायको अमरावतीला आलो ते जिनिंग बंद पडलं म्हणून. आठ दिवस मी खाटेवर पडून छत बघत होतो. नवव्या दिवशी ती म्हणाली, "छत पाहून पोट भरते काय? उठा, शिडी धरा." मी शिडी धरली, ती पंचवीस वर्षं धरली.

बाईच्या हाती बोर्ड द्यायला दुकानदार तयार नसत. म्हणून तिनंच तोड काढली, "नाव तुमचं, हात माहा." चहाच्या टपरीवर लोक मला 'पेंटरसाहेब' म्हणू लागले. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

एकदा वरूडला एका संत्रावाल्याच्या ट्रकवर फळं काढायची होती. कांता वरची पानं रंगवत होती. शेठ अचानक माझ्यापुढं उभा. "पेंटर, हे संत्र जरा पिवळं करा. आत्ता, माह्यासमोर." मी देवाचं नाव घेऊन ब्रश ओढला. शेठ डोकं वाकडं करून बघत राहिला. शिडीवरून कांता म्हणाली, "उन्हानं डोये दिपले त्यायचे, शेठजी," आणि खाली उतरून दोन फटकाऱ्यांत सावरलं. परतीच्या एसटीत ती पदर तोंडात कोंबून हसत होती. "संत्र्याचं तुमी भरताचं वांगं केलं!"

मग फ्लेक्स आले. तासाभरात बोर्ड मशिनीतून बाहेर. आमच्या ओळखीचे पेंटर कोणी मंडपवाल्याकडे गेले, कोणी वॉचमन झाले. मीही म्हणालो, पुरे आता. ती चिडली. "मशीन कापड रंगवते. भिंत रंगवते काय?" तिनं ट्रॅक्टर रंगवले, शाळांच्या भिंती, जयंतीच्या कमानी रंगवल्या. ब्रश खाली ठेवला नाही.

अशात अमरावतीच्या एका सरकारी कचेरीनं लांबच लांब कंपाउंडच्या भिंतीवर सारा वऱ्हाड काढून घ्यायचं ठरवलं. असं काम कांतानं जन्मभर मागितलं होतं. अट एकच होती, पेंटरनं साहेबांसमोर बसून नमुना काढायचा. अर्ज माझ्या नावाचा. घरून निघताना ती मला शिकवत होती, "गोल काढा, बाकी मी मागून सुधारते." तिथं गेलो तर दोरी बांधलेली. आत फक्त पेंटर.

"सुदाम पेंटर कोण?" साहेबांनी विचारलं.

मी दोरीच्या आत गेलो. मागं वळून पाहिलं. कांतानं पदर खोचला होता आणि तिचं बोट हवेतच गोल फिरत होतं. माझी मला लाज वाटली. म्हणालो, "साहेब, पेंटर मी नाई. थे पाहा, दोरीच्या पलीकडे उभी हाय ना, थे पेंटर. मी शिडी धरतो."

लोक हसले. एक जुना पेंटर ओरडला, "अबे सुदाम, इतके वर्स बायकोच्या जिवावर मिरवला काय?"

"मिरवलो," मी म्हणालो. "आता बस झालं."

साहेबांचा आवाज चढला. "मग अर्जावर तुमचं नाव कसं?"

उत्तर कांतानं दिलं. "म्याच लिवलं, साहेब. बाईचं नाव पाहून कोणी बोर्ड देत नोतं. तुमी काम पाहून देता का नाव पाहून, तुमचं तुमी ठरवा."

साहेबांनी दोरी वर उचलली. कांता आत येऊन बसली. सवयीनं लाल रंग घेतला, कोपऱ्यात ब्रश टेकवला आणि थांबली. मग लिहिलं, 'कांता पेंटर.' त्यानंतर काढलं कापसाचं फुटलेलं बोंड. इतकं भरलेलं, की साहेबांनी बोट लावून पाहिलं आणि बोट पांढरं झालं. पुन्हा सगळे हसले, पण आता साहेबांना. त्या जुन्या पेंटरनं पहिली टाळी वाजवली.

भिंत तिला मिळाली. तिनं चार बाया हाताखाली घेतल्या. कोणी शेतात निंदण करणारी, कोणी मेंदी काढणारी. भिंत पुरी झाली तेव्हा ऑटोवाले थांबून बघत. मग अचलपूरहून बोलावणं आलं, वरूडहून आलं. एका ब्रशावर पाच घरं चालायला लागली, आणि प्रत्येक भिंतीच्या कोपऱ्यात तिचं नाव.

गेल्या वर्षी पोटाच्या दुखण्यानं ती गेली. दवाखान्यात महिनाही काढला नाही. मागं एक बोर्ड राहिला, अचलपूरच्या एका शिंप्याचा. पांढरा रंग दिलेला, कोपऱ्यात सही, बाकी कोरा. बाया म्हणाल्या, पुरा करतो. मी म्हणालो, शिंप्याला दुसरा करून द्या. तो बोर्ड आता आमच्या कामाच्या शेडच्या दारावर आहे. लोक विचारतात, "बाबा, बोर्ड कोराच ठेवला?" मी म्हणतो, "कोपऱ्यात वाच."

घर खायला उठतं, म्हणून रोज बायांसोबत कामावर जातो. गुडघे कुरकुरतात, पण शिडी मीच धरतो. परवा त्या बायांतल्या भातकुलीच्या वंदनाला पहिल्यांदा एकटीला भिंत दिली. तिनं डावीकडून सुरुवात केली. मी खालून ओरडलो, "अवं, आधी सही!"

"कोणाची, बाबा? कांताबाईची?"

"तुह्या नावाची. अजून कोणाची?"