खाकी कव्हर

सुलभा आत चहा टाकत होती, म्हणून मी तिच्या कपाटातून ती कादंबरी काढली. नदी समुद्राकडून डोंगराकडे वाहते, अशा एका अद्भुत राज्याची गोष्ट. आई गेल्यावर मला जे कुणाशीच बोलता आलं नाही, ते त्या कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात होतं. म्हणूनच मी सुलभाला नवी प्रत आणून दिली होती. गेल्या रविवारी वाचनकट्ट्यावर ती सगळ्यांना म्हणाली, "शेवट वाचून मला झोपच लागली नाही. वाचाच." तेव्हा मला भरून आलं होतं.

पुस्तकाला तिने खाकी कव्हर घातलं होतं, वर सुंदर अक्षरात नाव. शेवटचं प्रकरण मात्र उघडेना. त्याची पानं वरच्या कडेला अजून जोडलेलीच होती, छापखान्यात कापायची राहिलेली.

पुस्तक सुचवताना आपण स्वतःचंच काहीतरी समोरच्याच्या हातात ठेवतो. समोरचा त्याला छान कव्हर घालतो.

मी पुस्तक जागेवर ठेवलं. सुलभा चहा घेऊन आली. "तू सुचवतेस ते कसलं भारी असतं गं. आणखी एखादं सांग ना."

मी एक नाव सांगितलं. शेवट चुकवू नकोस, असंही म्हणाले. ते मी वाचलेलं नव्हतं.